वैजयंतीची फर्माईश

ग्लासगोच्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवरचा कंट्री म्युझिकचा कार्यक्रम पंचेचाळीस वर्षांनी बंद होणार होता. त्याचा इतिहास लिहिणारी निवेदिता जुनी टेप घेऊन पुरुषोत्तमकाकांकडे आली.

"आमच्या हिनं, वैजयंतीनं एकदाच फर्माईश पाठवली होती, त्र्याऐंशी साली," काका म्हणाले. "मी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, ऐकायची राहिलीच. आता ती नाही. निदान तिचं नाव तरी ऐकव."

"ऐकवते. आधी स्वेटरची बटणं बघा, एक घर चुकलंय."

"ती असती तर चुकलं असतं का गं?"

टेप फिरू लागली. गिटार विसावली आणि निवेदक नेहमीसारखा शब्दन् शब्द पत्र वाचू लागला.

"हे गाणं माझ्या नवऱ्यासाठी, वैजयंतीकडून. उशिरा का होईना, पण ऐका."

काकांचे डोळे पाझरले.

कागद उलटल्याचा आवाज आला. "मागेही लिहिलंय की!" निवेदक हसला. "'स्वेटरचं एक घर चुकलंय तुमचं.'"

काकांचा हात बटणांवर गेला. त्या पत्रानंतर बारा वर्षांनी जन्मलेली निवेदिता टेप बंद करायला वाकली.

"'आणि निवेदिता,'" निवेदक पुढे वाचू लागला, "'बंद करू नकोस, बाळा. गाणं ऐकू दे त्यांना.'"