आपापलं माणूस

वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये सबनीसकाका थडग्यावरची अक्षरं बोटानं चाचपत बसले होते. काकू गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच सहल.

“मंडळी, आपापलं माणूस बघून घ्या, म्हणजे निघू!” बाहेर गाइडनं नेहमीसारखी आरोळी ठोकली.

“आहेत, आहेत!” बसमधून गलका झाला.

काका हलले नाहीत. दर सहलीत ते असेच मागे रेंगाळायचे आणि दर वेळी काकू बसच्या दारातून ओरडायच्या, “अहो, थांबा! आमचे हे राहिलेत!” मग काका खुशाल रमतगमत जायचे.

आत्ताही ते सवयीनं त्या हाकेची वाट बघत राहिले. बस निघाली. तिची घरघर पार विरली, तेव्हा कुठे ते गुडघे धरून उठले.

“अहो, थांबा,” ते भिंतींना हळूच म्हणाले, “आमचे हे राहिलेत.”