बारा नावांचा सोया सॉस

“नावं मोजण्याआधी रांजण मोज, वचन दे,” निवृत्त होताना माझ्या आधीच्या अधिकारी येनबाईंनी बजावलं होतं. तैपेईच्या आमच्या कचेरीत नोंदलेल्या व्यापारचिन्हांवरून निर्यातीच्या मालाचे प्रकार मोजतात. शिलो गावच्या एका कारखान्यानं सोया सॉसची बारा चिन्हं नोंदवली, म्हणून जपानच्या प्रदर्शनातली एकमेव जागा त्याला. रांजणात सॉस मुरवणाऱ्या, पण एकच चिन्ह असलेल्या ल्याओकाकांना नकार. अहवालावर माझी सही तेवढी उरली होती. सकाळचा जप आटोपून मी नमुन्यादाखल आलेल्या सगळ्या बाटल्या हलवल्या. रांजणात मुरलेल्या सॉसचा फेस टिकतो. काकांच्या बाटलीतला टिकला. कारखान्याच्या बाराही बाटल्यांतला लगेच, एकाच वेळी बसला. “ताई, बाटल्या हलवून देवाचा कौल घेताय?” शेजारचा पोहान हसला. “बारा नावं, बारा प्रकार. फेसाचा रकाना नाही आपल्याकडे.” “त्यांचे रांजण किती?” मी विचारलं. “ते कोण विचारतं?” मी सही न करता अहवाल खणात ठेवला, छत्री घेतली आणि शिलोच्या बसकडे निघाले.