मावशी म्हणायचं नाही

“आईचं नाव?” उज्वलाने दबक्या आवाजात विचारलं.

“सरुबाई कोंडाजी गांगुर्डे,” साक्षी म्हणाली आणि फिसकन हसली. “कोंडाजी. काय नाव आहे गं मम्मी.”

“हसू नकोस. आणि मम्मी नाही. इथे मी मावशी. तिला मावशी म्हणायचं नाही.”

सरकारी निवासी शाळेच्या व्हरांड्यात तिघी एका बाकावर बसल्या होत्या. मध्ये साक्षी, एका बाजूला उज्वला आणि दुसऱ्या बाजूला उज्वलाची थोरली बहीण सरुबाई. सरुबाई दिंडोरीजवळच्या खेड्यात राहायची आणि द्राक्षबागांत मजुरीला जायची. नवरा कोंडाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा स्वराज बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. रोजच्या साडीत ये, असं उज्वलाने बजावून सांगितलं होतं, तर ही बया ठेवणीतली साडी नेसून, केसांना चपचपीत तेल लावून हजर. साहेबलोकांपुढे का मळक्यात जायचं असतं, म्हणाली.

शाळेचं नाव मोठं होतं. नववीला एकदा आत शिरलं की पोर मार्गी लागलं, असा तिचा लौकिक. प्रवेशपरीक्षेत साक्षीला गुण बरे पडले होते, पण नाशिक शहरातल्या मुलांच्या यादीत ते पुरणारे नव्हते. शेतमजुरांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा होत्या, तिथे मात्र आरामात बसत होते. उज्वलाने हे सगळं आधीच हेरून ठेवलं होतं. आठवीला साक्षीचं नाव सरुबाईच्या गावच्या शाळेत घातलं, राहणं आणि क्लास शहरात इंदिरानगरलाच ठेवला. कागदपत्रांचं तिने परस्पर जमवलं. दिनेश, तिचा नवरा, विषय निघाला की वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचा.

समोरच्या बाकावर एक बाई आपल्या पोरीच्या सुटलेल्या वेण्या पुन्हा घालत होती. पहाटेच्या एसटीने आलेल्या दिसत होत्या. बाईने साक्षीकडे बघून उज्वलाला विचारलं, “तुमची कोण?”

“भाची.”

“हुशार हाय. होईल तिचं काम.”

उज्वलाची मान खाली गेली. साक्षीला मिळाली तर त्या वेण्यावालीची जागा जाईल, हे तिला पक्कं कळत होतं. कळूनही आपण उठत नाही, याची तिला जास्त लाज वाटली. एकदा तर तिने पर्स खांद्याला अडकवलीसुद्धा. तेवढ्यात शिपायाने साक्षीचं नाव पुकारलं.

“मावशी आल्या तरी चालतील,” तो म्हणाला आणि उज्वलाही आत गेली.

आत मुख्याध्यापक आणि दोन शिक्षिका होत्या. गणित, भूगोल, वाचन, सगळं साक्षीने झकास निभावलं. मग मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आई कामावरून दमून येते. मग घरात तू काय करतेस?”

“मावशीला चहा करून देते,” साक्षी म्हणाली. तिचा चेहरा उतरला. “म्हणजे आईला.”

मुख्याध्यापकांनी साक्षीच्या गोऱ्यापान हातांकडे पाहिलं, मग सरुबाईच्या हातांकडे. बागेतल्या औषधफवारणीने आणि छाटणीच्या कात्रीने त्यांची कातडी पार राठ झाली होती.

“बाई, खरं सांगा. ही तुमचीच मुलगी ना?”

सरुबाईने नुसतं ‘हो’ म्हणायचं, एवढंच ठरलं होतं. उज्वलाने तिच्याकडून ते दहादा म्हणवून घेतलं होतं.

“माझीच हाय, सर,” सरुबाई म्हणाली. “द्राक्षाची गोडी छाटणी चालली व्हती तवा. दुपारपतोर कात्री चालवली अन् बागेतच कळा सुरू झाल्या. मालकाच्या पिकअपमधी टाकून दिंडोरीला नेलं मला. पायाळू निघाली. डाक्टरीण म्हणली, दोघीतली एकच वाचंल. पर दोघी वाचलो.”

साक्षी आ वासून बघत राहिली. उज्वलाच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. ही बाई आता काय काय बोलेल, याचा नेम नव्हता.

पण मुख्याध्यापक निवळले. “बरं, बरं. झालं आमचं काम. पोरी, आईच्या पाया पड.”

साक्षी वाकली. सरुबाईने पटकन पाय मागे घेतले, आणि डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच अर्ध्यावर राहिला. उज्वलाला ते बघवेना. ती फरशीकडे बघत बसली.

बाहेर येताच साक्षीने सरुबाईचा दंड धरला. “मावशी, कसलं भारी बोललीस. ते स्वराजदादाच्या वेळचं ना? मुलगा काढून मुलगी घातलीस.”

“हा गं. त्याच्याच येळचं.”

फाटकाशी साक्षी थबकली. मग म्हणाली, “मम्मी, मला लाज वाटतेय. शाळेत गेले की चार वर्षं सगळ्यांसमोर हिला आई म्हणायचं. इतकं खोटं कसं बोलू मी?”

“होईल सवय,” उज्वला म्हणाली. “जा, तिघींना रस सांग.”

साक्षी रस्ता ओलांडून रसवंतीकडे गेली. उज्वला बहिणीकडे वळली. रागाने बोलायचं तिने ठरवलं होतं, पण आवाज रडवेला निघाला.

“ताई, नुसतं हो म्हणायचं होतंस गं.”

सरुबाई पलीकडे साक्षीकडे बघत होती. तिने पदराने तोंड पुसलं.

“चुकलंच माझं. तुझ्या ओटीत घातली तवा शबूद दिला व्हता, ही माझी हाय असं जलमात म्हणणार नाय. आज तूच म्हणाया लावलं, अन् मंग मला थांबताच आलं नाय.”