एक तारखेचा फोन

त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं छोटं विमान, ते गेल्यापासून बारा वर्षं काकूच्या शेडमध्ये पडून होतं. दर महिन्याच्या एक तारखेला काकूचा फोन ठरलेला, "तुझ्या बापाचं हे धूड घेऊन जा एकदाचं!"

शेवटी तो मेकॅनिक आणि ट्रक घेऊनच आला. मेकॅनिकने विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हात लावला, तर पंखा अलगद फिरला.

"इंजिन केव्हाच जाम व्हायला हवं होतं. कुणीतरी नेमाने तेल घालून फिरवलंय."

काकूने तेलाने काळवंडलेले हात मागे लपवले. "भाऊजी सांगून गेले होते, दर एक तारखेला फिरवायचं. मी दमले की तुला फोन करायचे."

त्याने ट्रक परत पाठवला.

पुढच्या एक तारखेला काकूचा फोन आला नाही. पंख्याचं दुसरं पातं त्याच्या हातात होतं आणि शिव्या समोरासमोर मिळत होत्या.