समोर येऊन बोलावे

"पुढे या. उजेडात. आणि तोंडातल्या तोंडात बोलू नका," तात्याराव म्हणाले.

यज्ञेश्वर निमूट ट्यूबलाइटखाली आला. हिंजवडीच्या कंपनीत वीस जण त्याच्या हाताखाली होते. बुधवार पेठेतल्या या दुकानात मात्र त्याला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. भिंतीवर पाटी होतीच: 'एका वेळी एकानेच बोलावे. समोर येऊन बोलावे. फोनवर चौकशी करू नये.' ही पाटी दाखवायला लोक मित्रांना घेऊन येत. पुणेरी खाक्या म्हणून हसत आणि मुकाट्याने समोर येऊन बोलत.

काचेचे नवे व्हॉल्व्ह घातल्यापासून त्याच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज किरटा झाला होता.

"बायस, म्हणजे व्हॉल्व्हना मिळणारा करंट, कमी ठेवलाय," तात्याराव वरच्या पट्टीत म्हणाले. "व्हॉल्व्ह उपाशी आहेत. फार पाजलं तर लालबुंद होऊन मरतील. मधलं सापडायला हवं."

त्यांनी आतला सांगाडा काढून उलटा ठेवला, मीटर जोडला आणि व्हॉल्व्हची लाली दिसावी म्हणून मागे दाढीचा आरसा उभा केला. पाठीमागे, आरशात दिसेल अशा आतल्या खोलीच्या दारात, त्यांची बायको वेणूबाई लसूण सोलत बसली होती. यज्ञेश्वर तिकडे बघून ओळखीचं हसला.

"तिच्याकडे नका बघू. तिला यातलं ओ की ठो कळत नाही."

वेणूबाईंनी मान खाली घातली.

मीटरवर आकडा आला. "आता वाजवा," तात्याराव म्हणाले. "मीटर व्हॉल्व्ह जगवण्यापुरताच. स्क्रूचा शेवटचा पाव आटा कानाचा."

यज्ञेश्वर वाजवत राहिला. तात्याराव आरशावर नजर ठेवून बारका स्क्रू कणाकणाने फिरवत होते. त्याने मागून काहीतरी विचारलं, तर त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. माणूस उद्धट खरा, पण आवाज भरत चालला होता. वेणूबाई थांबल्या, लसूण अजून अर्धा परातीत होता. तात्यारावांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

यज्ञेश्वरने तीच तार पुन्हा छेडली. हाच तो आवाज.

तो समोर गेला. "तात्या, मी कल्याणीनगरला स्टुडिओ काढतोय. आपण या. कायमची नोकरी. काचेची बंद खोली, आत आपण आणि अ‍ॅम्प्लिफायर, तिसरं कोणी नाही."

दुकानाची इमारत दिवाळीनंतर पाडणार होते. तात्यारावांना दुसरी जागा मिळत नव्हती आणि दुसरं काही येतही नव्हतं. ही नोकरी त्यांना जिवापाड हवी होती.

"मी एकटाच?"

"एकटेच. शांतपणे काम करा."

तात्यारावांनी मीटरच्या वायरी गुंडाळल्या. "जमायचं नाही. आम्ही पेठ सोडत नाही."

यज्ञेश्वरने अ‍ॅम्प्लिफायर उचलला. "पुण्यात असा कान दुसरा नाही, आणि तुम्ही तो मस्तीत कुजवणार," तो दारातून ओरडला. तात्याराव पाठमोरे होते. ते मीटर पुसत राहिले.

वेणूबाई उठल्या आणि नवऱ्यासमोर उजेडात येऊन उभ्या राहिल्या.

"हिलाही घ्या म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "हिला कळतं, एवढं तरी एकदा कोणाला सांगायचं होतं."

तात्याराव त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. वेणूबाईंनी आवाज काढलाच नव्हता. चार वर्षांपूर्वी तात्यारावांचे दोन्ही कान गेले, तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना त्या काढत नसत.