सुपारीच्या दिवशीचं वारं

गावात देवीचं करणाऱ्या सरजाबाईने पुनमचा मळवट भरला, दोन पावलं मागे सरली आणि हात जोडून निकाल देऊन टाकला. "माहूरची आई हाय ही. वारं आलंय पोरीच्या अंगात."

झालं. उमरीच्या त्या घरात एकच धांदल उडाली. सुपारी फोडायला आलेले देगलूरचे पाहुणे चहाचे कप खाली ठेवून उभे राहिले. नवरदेवाच्या बापाने टोपी सारखी केली आणि सगळ्यांच्या आधी पाया पडून घेतलं. पुनम पाटावर बसून डोलत होती. मध्येच हसत होती, मध्येच रडत होती. भिंतीकडे बोट दाखवून म्हणत होती, "भिंत श्वास घेऊन राहिली, बघा की." बायांनी भिंतीलाही हळदकुंकू वाहिलं.

देवी कुठून आली, हे त्या गर्दीत एकट्या हरिओमला ठाऊक होतं. ती त्याच्या बॅगेतून आली होती.

हरिओम पुनमचा थोरला भाऊ. पुण्याला कंपनीत होता. सुपारीसाठी गावी येताना त्याने बॅगेच्या तळाशी मित्राकडून घेतलेली चॉकलेटची वडी दडवून आणली होती. साधं चॉकलेट नव्हे, नशेच्या मशरूमचं. वर सोनेरी कागद आणि मशरूमचं गोजिरवाणं चित्र. आत नेमकं काय आणि किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पुनम कालपासून रुसून उपाशी होती. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती, ट्रेनिंगचं बोलावणं आलं होतं. पण तिच्या बापाने, भुजंगआबांनी, 'पोरीच्या जातीनं खाकी घालून हिंडायचं काय' म्हणत घाईघाईने स्थळ आणून उभं केलं. तिने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. आबा ढिम्म. सकाळी भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा तिने भावाची बॅग उघडली आणि लहानपणच्या हक्काने अख्खी वडी खाऊन टाकली.

रिकामा सोनेरी कागद सापडल्यावर हरिओमने गोठ्यामागे जाऊन मित्राला फोन लावला.

"अख्खी?" मित्राचा आवाजच बसला. "अरे, एका तुकड्यानं माणसाचं डोकं फिरतं. त्यात उपाशीपोटी. तिला एकटी सोडू नको. विहिरीकडं, गच्चीवर जाऊ देऊ नको. अन् सरळ दवाखान्यात ने, काय खाल्लं ते डॉक्टरला खरं सांग."

"उतरंल ना?"

"संध्याकाळपर्यंत उतरायला पाहिजे. पण आत दुसरं काही मिसळलं असलं, तर मला काय माहीत?"

दवाखाना म्हणजे चॉकलेटचं नाव घेणं आलं. नाव घेतलं की पोलीस आले, आबांचा जोडा आला, नोकरीही गेली. हरिओम परत येऊन बहिणीशेजारी बसला. स्वतःची शरम वाटत होती, तरी तोंड उघडेना. पुनमला उलट्या झाल्या. तिची नाडी त्याच्या बोटांखाली भरधाव पळत होती. बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांत काळ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"दादा, मला लई भ्या वाटून राहिलं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. बायांनी आणखी जोरात उदो उदो केला.

उन्हं कलली तरी पुनम डोलतच होती. उलट आता तिचा आवाज चढला.

"भुजंगा, इकडं ये."

आबांना एकेरीत हाक मारायची उभ्या उमरीत कुणाची छाती नव्हती. आबा गुडघे टेकून समोर बसले.

"माझ्या लेकराच्या अंगावर खाकी चढू दे. ही सुपारी फुटली, तर ह्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवायची न्हाई."

देगलूरच्या पाहुण्यांनी ताटातली सुपारी उचलून गुपचूप खिशात घातली.

हरिओमने दाराबाहेर पाहिलं. दिवस मावळायला आला आणि हे उतरत नाही, म्हणजे आत नक्कीच दुसरं काही होतं. बहीण कायमची हातातून गेली, आणि ती आपल्या भित्रेपणामुळे. आता पोलीस येवोत, नाहीतर आबा चामडी सोलोत. तो उठून उभा राहिला.

"आबा, ही देवी न्हाई. हिला दवाखान्यात न्यायला पाहिजे. मी सांगतो काय झालं ते."

"सांग की," पुनमने मान वळवली. "मी कुठून आले, तुला तर चांगलं माहीत हाय."

सगळं घर हरिओमकडे बघू लागलं. हरिओम तिच्या डोळ्यांत बघत होता. बाहुल्या नेहमीएवढ्या झाल्या होत्या. नजर स्वच्छ होती, आणि तिच्यात भीतीचा मागमूस नव्हता.

तो परत खाली बसला. "देवीच हाय, आबा," तो म्हणाला.

भुजंगआबांनी जमिनीला डोकं टेकलं. "आईचा शब्द मोडायची माझी काय बिशाद. पोरीला मी स्वतः नेऊन सोडतो ट्रेनिंगला."

पुनमने अंगाऱ्याची चिमूट घेतली, हरिओमला मानेला धरून जवळ ओढलं आणि त्याच्या कपाळावर अंगठा दाबून धरला.

"कवाच उतरलंय, दादा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "दुपारी वाटलं, मरते आता. वर्दी मिळू दे, पहिली झडती तुझ्या बॅगेची."