शिमग्यानंतरची शांतता

गावचा नियम जनूभाऊंनीच लिहिला होता. जो शिवी देईल, त्याचा आवाज सगळ्यांच्या कानांत कायमच्या बसवलेल्या चकत्या वर्षभर गाळून टाकतील, कुणालाच ऐकू येऊ देणार नाहीत. मग तो कुणी का असेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिमग्याची आठवण मात्र एकालाही झाली नाही.

काल होळीभोवती रीतीप्रमाणे शिव्यांची बोंब उठली. जनूभाऊंची सगळ्यांत मोठी. आता नियम बदलायला पंचांचा तोंडी ठराव हवा, आणि पंचांपैकी आवाज कुणाचाच उरला नव्हता.

जनूभाऊंच्या आंधळ्या बायकोने, द्वारकाबाईंनी, चाचपडत त्यांचा हात धरला. "अहो, सकाळपासून एक शब्द नाही. माझं काही चुकलं का?"

"नाही गं, नाही!" जनूभाऊ ओरडले.

उत्तराची वाट बघून तिने हळूच हात सोडला.